सोयाबीन तेलाचं नवरात्र

खाली सर्व्हिस रोडवर कुणीतरी सोयाबीन वाळत घातलंय आणि वर तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत मला. दोघांनाही ऊन द्यायचं आणि ते कलल्यावर गोळा करून आत न्यायचं, असा एकूण बेत दिसतो. गुडघा नवा बसवलाय. जुना माझ्यासारखाच कुरकुरत होता. त्याला काढून टाकता आलं, मला कुठं टाकणार? म्हणून सूनबाईनं खुर्ची, उशी, पाण्याची बाटली, मोबाईल असा सगळा सरंजाम मांडून मला इथं नीट डांबलंय. "आई, एकट्यानं उठायचं नाही हं," असं दारातून बजावून ती ऑफिसला जाते. कुलूप बाहेरून. चोरांसाठी नव्हे, माझ्यासाठी.

टाक्यांच्या जागी जरा पू धरला, तर डॉक्टरांनी कॅप्सूल सुरू केल्या. काल नात सई ते पाकीट उलटसुलट करून बघत होती.

"आजी, हे कशापासून बनवतात गं?"

"तेलापासून."

"कसल्या तेलापासून?"

"भज्यांच्या."

"आजी!"

"अगं, खरंच. मातीतले जंतू असतात. त्यांना तेल पाजायचं, मग ते औषध करतात. मी पाजायचे."

"जंतूंना तेल?"

"मग काय तुझ्या आजोबांना?"

सई हसत पळाली. तिला वाटलं, भुलीचं औषध अजून उतरलेलं नाही. मी मात्र इथंच राहिले. पळायचा प्रश्नच नव्हता. खालून सोयाबीनची धूळ वर येत होती. टरफलं, सुकलेला पाला, आणि त्याच्याखाली तो कच्चा, हिरवट, थोडा साबणासारखा वास. हा वास आला की मला माझं लग्नानंतरचं पहिलं नवरात्र आठवतं. आणि त्या नवरात्रातली ती शहाणी बया आठवते, जी दुर्दैवानं मीच होते.

काय तिचा तोरा! सूक्ष्मजीवशास्त्रात एमेस्सी. नगरच्या एमआयडीसीत अँटिबायोटिकच्या कारखान्यात नोकरी, तीही कच्ची. पण पांढरा कोट अंगात घातला की बाईंना वाटे, साऱ्या जगाचा ताप आपणच उतरवतो. लग्न होऊन केडगावला दोन खोल्यांत आली, तर सासूबाईंना पहिल्या आठवड्यात हात धुण्यावर व्याख्यान. आत्याबाईंनी ते शांतपणे ऐकलं. आम्ही सासूला आत्याबाईच म्हणायचो. ऐकून झाल्यावर त्या म्हणाल्या, "झालं का? मंग आता त्याच हातांनी भाकरी थाप." आणि भाकरीला मधोमध भोक पडलं.

त्या वर्षी कारखान्यात साखर बंद करून तेल सुरू करायचं ठरलं. साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात राहून साखरेला नको म्हणायचं! पण त्यामागं कारण होतं. टाकीतल्या जंतूंना साखर दिली की ते लाडावलेल्या पोरांसारखे नुसते फोफावतात, औषध करायचं नाव घेत नाहीत. तेल त्यांना पचायला जड. ते हळूहळू फोडून खावं लागतं, पुरवून पुरवून खावं लागतं, आणि असं जरा ओढगस्तीत ठेवलं की मग कुठं ते औषध करायला लागतात. "सुखात ठेवलं की काम करत नाहीत," हे वाक्य ती बया नवऱ्याला तोंडावर ऐकवायची आणि आपण फार खोल बोललो म्हणून खूश व्हायची. सुखात नक्की कुणाला ठेवलं नाहीये, हे तिच्या ध्यानात यायचं नाही.

सोयाबीन आमच्या भागात तेव्हा नवंच होतं. तेल डब्यांतून यायचं. गोदामापासून टाकीपर्यंत फरशी अशी निसरडी की रफिकभाई, आमचे ऑपरेटर, रोज सकाळी सूचना द्यायचे, "मॅडम, हळू. कालपासून तिघे जण नमस्कार घालून गेलेत." रफिकभाई मुकुंदनगरचे. टाकीशी ते बाईमाणसाशी बोलावं तसं अदबीनं बोलायचे. "काय टाकीबाई, जेवलात का?"

टाकी म्हणजे दुमजली घराएवढं स्टीलचं धूड. बाहेर शिडी, वर एक जाड काचेची खिडकी, आतून दिवा. काचेला डोळा लावला की तपकिरी फेस उसळताना दिसायचा, आणि वरून तेलाची धार आली की तो एकदम वरमायचा, उतू जाणाऱ्या वरणात तेलाचा थेंब टाकल्यावर वरमतो तसा. आतली हवा गाळलेली, पाणी उकळलेलं. बाहेरचा एक जंतू शिरला की टाकी विटली. इतकं कडक सोवळं मी कुठल्या देवघरात पाहिलं नाही. आणि नळी उघडून नमुना काढला की वास यायचा मातीचा. ओल्या, नुकत्या नांगरलेल्या काळ्या मातीचा. हे जंतू मूळचे मातीतलेच. तो वासही त्यांचाच. चहूकडं सिमेंट आणि पत्रे, आणि मधे एका बंद टाकीत कोंडून ठेवलेलं शेत. मला तेव्हा त्या जंतूंची कीव यायची. स्वतःची यायला अजून अवकाश होता.

तो घटस्थापनेच्या दिवशी संपला.

आत्याबाईंनी पत्रावळीवर काळी माती पसरली, गहू-ज्वारी पेरली, मधे घट ठेवला, आणि शेजारी समई लावली. करडईचं घाण्याचं तेल. कारखान्यातलं सोयाबीनचं मी फुकट आणलं असतं, त्यांनी नाक मुरडलं, "त्ये कंपनीचं तेल द्येवाला न्हाई." मग मला समोर बसवून म्हणाल्या, "ह्यो दिवा दसऱ्यापत्तुर इझू द्यायचा न्हाई. आमच्यात सुनेचं पयलं नवरात्र म्हंजी दिवा तिच्या वाटनीचा."

"बरं."

"इझला तर नौकरी बंद. दसऱ्यापासनं घरात ऱ्हायचं."

बया हसली. दिवसभर दुमजली टाकी सांभाळणारी मी, मला एक समई सांभाळता येणार नाही? "आणि मी कामावर असताना?"

"तवा मी हाय की."

"मग तेव्हा विझला तर?"

"तरी तुझाच."

हसू तिथंच राहिलं. मी आमच्या ह्यांच्याकडं पाहिलं. हे वीज मंडळात इंजिनियर. तारा जुळवण्यात पटाईत, पण या दोन तारांच्या मधे हात घालायची त्यांची छाती नव्हती. ते पेपर वाचत होते. पेपर कालचा होता.

आणि तिकडं कारखान्यात आमच्या विभागाचे प्रमुख भालेराव साहेब, त्यांनी सांगितलेलं, "बाई, ही तेलाची टाकी नीट उतरली, औषध पुरेसं निघालं, तर तुमची नोकरी पक्की. नाही उतरली तर मला वर काही बोलता यायचं नाही." टाकीही दसऱ्यालाच उतरायची होती.

असे ते दिवस सुरू झाले. बायकांना रात्रपाळी नव्हती, तेव्हा दिवसा टाकी माझी आणि रात्री समई माझी. पहाटे अख्खं नगर अनवाणी केडगावच्या देवीला चालत यायचं, आणि मी त्या गर्दीच्या उलट, सिटी बसला लोंबकळत, माळीवाड्याला बस बदलून एमआयडीसीला. सगळं गाव जिथं यायला धडपडतंय तिथून सुटायला मी धडपडत होते, आणि सुटून कुठं जात होते, तर दुसऱ्या दिव्यापाशी. उपास होताच. साबुदाणा, भगर, शेंगदाण्याची आमटी. केसांना सोयाबीनचा वास, बोटांना करडईचा. आत्याबाई मी दारात आल्या आल्या हुंगायच्या. "घान्यातनं काढल्यावानी येती रोज."

घरी घटापुढं बसलं की डोळा जडावायचा. ज्योत जरा थरथरली की दचकून जाग. घटाच्या मातीचा वास यायचा आणि अर्धवट झोपेत कळायचंच नाही, आपण टाकीच्या शिडीवर आहोत की देवघरात. एकदा मी विद्वत्ता पाजळली, "आत्याबाई, हा वास म्हणजे आमचेच जंतू बरं का. याच मातीतले."

"द्येवाच्या मातीत जंतू?"

"चांगले असतात ते."

"मंग त्यान्ला इचार, भाकरी कशी थापायची."

आता या गॅलरीत बसून वाटतं, अडकणं म्हणजे दाराला कुलूप असणं नव्हे. कुलूप बरं, ते दिसतं तरी, त्याला शिव्या घालता येतात. तेव्हा दोन्हीकडची दारं सताड उघडी होती. कुणी मला धरून ठेवलं नव्हतं. फक्त कुठंही गेले तरी माझं लक्ष दुसऱ्याच ठिकाणी तेवत असायचं. बसमध्ये मला समई विझल्याचं दिसायचं, समईपुढं टाकी विटल्याचं. आणि बया इतकी मानी, की हे जड जातंय असं एका माणसाला सांगेल तर शपथ! नाही जमलं तर लोक म्हणतील, बघा, शिकलेली सून.

सातव्या माळेला भालेराव साहेब धावत आले. मालक दसऱ्याला मुंबईहून येणार होते. "उत्पादन डोळ्यांत भरलं पाहिजे. तेल वाढवा." वाढवलं. दुसऱ्या दिवशी अष्टमी. सकाळी काचेला डोळा लावला तर फेस नाही, उसळी नाही. काचेभोवती तेलाचं पिवळं कडं. नमुना काढला, मातीचा वास गेला होता, आणि त्या जागी खवट, ओशट, साबणाच्या चुऱ्यासारखा. पीएचचा आकडा घसरलेला. जंतूंना तेल खाववेना. न पचलेलं तेल सडत होतं आणि त्यातच ते गुदमरत होते.

"तेल बंद करा," मी म्हणाले.

साहेब पांढरे पडले. "कमी करू या. बंद कसं? उपाशी मेली तर?"

"भूक लागली की साठलेलं खाईल."

"आणि नाही खाल्लं तर?"

"तर जबाबदारी माझी."

रफिकभाई झडपेपाशी उभे होते. हळूच म्हणाले, "मॅडम, हा शब्द जपून वापरा. एकदा दिला की परत नाही मिळत."

पुढं कित्येक वर्षं मी नव्या पोरापोरींना हा प्रसंग शास्त्र म्हणून शिकवला. स्निग्धाम्लं साठतात, श्वसन मंदावतं वगैरे. सगळं खरंच आहे ते. पण त्या सकाळी माझ्या डोक्यात स्निग्धाम्लं नव्हती. आठ दिवसांच्या उपासानं डोकं ठणकत होतं, रफिकभाईंच्या डब्यातल्या खिम्याचा वास येत होता, आणि समोर ही टाकीबाई भरल्या ताटावर रुसून बसलेली. मला तिचा असा संताप आला की वाटलं, मी उपाशी, तर तूही राहा उपाशी! एवढंच. विज्ञान नंतर सुचलं.

झडप बंद झाली. पाळी संपेपर्यंत आकडा हलला नाही. मी तशीच बसमध्ये बसले. माळीवाड्याला गाडी अडकली तेव्हा मनातल्या मनात राजीनामा लिहून, तो नीट वाचून, त्यातली एक चूकसुद्धा दुरुस्त केली.

घरात शिरले तर आत्याबाई घटापुढं. समई जळत होती. पण त्यांचे हात कोपरापर्यंत तेलानं माखलेले, घटाची माती एका बाजूनं तेलानं काळी चिकट झालेली, कोवळे पिवळे अंकुर त्यात आडवे. आणि वात पांढरी. इतके दिवस जळलेल्या वातीला काजळीचं बोंड येतं. ही नवी कोरी होती.

मी वातीकडं पाहिलं. त्यांनी मला पाहताना पाहिलं.

"काय बगती?"

"काही नाही."

"च्या ठिवलाय."

बया आतून नाचली हो! खोटं कशाला बोलू? सुटले, असं वाटलं. आता दिवा कुणाचा? मी चहा घेतला, पाटावर बसले आणि गोड आवाजात म्हणाले, "आत्याबाई, आज ज्योत कशी अगदी नव्यासारखी दिसते नाही?"

मला वाटलं होतं, टोला परत येईल. पण त्या पदरानं हात पुसायला लागल्या. तेच तेच पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "इझू ने म्हनून मीच जास्ती वतलं. वात बुडाली. माज्या डोळ्यांम्होरं बुडाली." त्यांनी नवी वात बोटानं जरा पुढं सरकवली. "त्याचं तारांचं काम हाय गं. रोज तारांपाशी जातंय माझं लेकरू. आन् मी दिवा घालवला."

मी कप खाली ठेवला. मला वाटत होतं तो सापळा माझ्यासाठी लावलेला. माझी नोकरी बंद करायचं निमित्त. ते होतंच, नाही असं नाही; पण मी त्याच्या तोंडाशी उभी होते, आणि त्या आत, पार तळाशी, किती वर्षांच्या. वात बुडताना पाहून त्या बाईला अख्खी दुपार मुलगा तारेला चिकटलेला दिसला असणार. आणि मी येईपर्यंत सांगायला घरात कुणी नव्हतं.

मला धीराचं बोलता येत नसे. अजूनही येत नाही. मी म्हणाले, "आमच्या टाकीचंही आज तेच झालं."

त्यांनी मान वर केली.

"जास्त तेल पाजलं. गुदमरली. मग मी तेलच बंद केलं."

"मंग? मेली का?"

"उद्या कळेल."

त्यांनी ज्योतीकडं पाहिलं. "आन् जगली तर? म्हंजी तेलानं बुडालेलं पुन्हा उठतं?"

"उठतं," मी म्हणाले. मला माहीत नव्हतं.

सकाळी खंडेनवमी. दर वर्षी त्या दिवशी घरातलं माणूस बाहेर जायचं नाही, विळी-कोयत्याची पूजा असते. मी घुटमळत होते तर आत्याबाईंनी माझी पर्स आणून हातात दिली. "जा. बगून ये. मी हितं बसते." आणि मी पायरी उतरले तेव्हा मागून, "नीट बग! निस्तं वरवर बगू नको, एमेस्सी झालीस ना?"

कारखान्यात झडपांना हळदकुंकू, पंपांना झेंडूच्या माळा. रफिकभाईंनी टाकीच्या शिडीला भलामोठा हार घातला होता. "मॅडम, टाकीबाई जाणार असतील तर सजून जाऊ देत." मी नमुना काढला. बाटलीचं बूच उघडलं आणि नाकापाशी नेता नेता हात थांबला, इतकी भीती वाटली. मग नेला.

माती.

ओली, काळी, नांगरटीची माती. आकडा वर सरकला होता. सूक्ष्मदर्शकाखाली जंतूंचे धागे ताजे, गुंतलेले. काचेवरचं पिवळं कडं विरलं होतं. भुकेनं व्याकूळ होऊन त्यांनी साचलेलं सगळं खाऊन टाकलं होतं. साहेब म्हणाले, "बाई, दसऱ्यानंतर पक्क्याचं बघतो." त्यांनी बघितलं. अशी मी तिथं निवृत्त होईपर्यंत पक्की अडकले. पण त्या क्षणी मला पक्कं-कच्चं काही ऐकूच येत नव्हतं. रफिकभाईंनी तेलाची झडप करंगळीएवढी उघडली, आणि मी बस गाठायला पळाले.

केडगावच्या थांब्यावर उतरले आणि रस्त्यापलीकडं पाहिलं तर आत्याबाई. लुगडं, डोक्यावर पदर, पाय अनवाणी. चुकीच्या बाजूला उभ्या होत्या, जिथून गाड्या नगरकडं जातात. सून कुठल्या अंगाला उतरते हे त्यांना कुठून माहीत असणार? त्या थांब्यावर कधी आल्याच नव्हत्या. मी रस्ता ओलांडेपर्यंत त्यांनी माझ्या चेहऱ्यावरची नजर काढली नाही.

"जगली का?"

"जगली."

त्यांनी डोळे मिटले. छातीवर हात ठेवून एक श्वास सोडला, इतका लांब की मला वाटलं संपतच नाही.

"आत्याबाई, घरी दिव्यापाशी कोण आहे?"

"कोन न्हाई."

तेवढ्यात पुण्याहून आलेली एसटी आमच्या पुढ्यात येऊन थांबली. कंडक्टरनं दार उघडून ओरडायला सुरुवात केली, "राहुरी, राहाता, शिर्डी! मावशी, यायचंय का?"

आत्याबाईंचा हात दाराच्या दांडीवर गेला. तेलकट हात. "ही राहात्याला जाती?" त्यांनी मला विचारलं. त्यांचं माहेर तिकडचं, पेरूच्या बागांमधलं.

"जाते."

"आय गेली तवा सांगावा आलता," त्या दांडीशीच बोलल्यासारखं म्हणाल्या. "नवरात्रच हुतं. दिव्यापाशी कोन बसनार म्हनून न्हाई गेले."

दिव्यावरून मी काय काय बोलले होते ते सगळं तोंडात गोळा झालं आणि गिळावं लागलं.

"मावशी, चढताय का? मागं गाड्या तुंबल्यात," कंडक्टर म्हणाला.

"न्हाई बाबा. तिथं आता कोन हाय!"

त्यानं घंटी मारली. दांडी त्यांच्या बोटांतून निसटली. गाडी धूळ उडवत नगरच्या दिशेनं गेली, आणि त्या ती पार दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिल्या.

"चला, घरी जाऊ," मी म्हणाले.

"थांब जरा," आत्याबाई म्हणाल्या. "अजून एक गाडी यिऊ दे."